सीटच्या कडेचा माणूस

इलियास पिंजारीच्या घरात कुठल्याच वस्तूला पुरते स्क्रू नव्हते. खिडकीच्या बिजागरीला एक कमी, पंख्याच्या रेग्युलेटरला एक कमी, आणि भिंतीवरचं घड्याळ तर मागचं झाकणच नसताना बरीच वर्षं बिनतक्रार वेळ दाखवत होतं. हे स्क्रू पडले नव्हते की हरवले नव्हते. इलियासने ते स्वतःच्या हाताने काढले होते, आणि काढून झाल्यावर त्या वस्तूकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला होता. 'हे काढलं तर काय होईल?' एवढा एकच प्रश्न घेऊन हा गृहस्थ जन्माला आला होता, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्याच्या हाताला चैन पडत नसे.

ह्याचा ताप व्हायचा तो सगीराला, त्याच्या बायकोला. सगीरा पाचोडची. छावणीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायकोची बोली दखनी, पण भांडायचं असलं की सगीरा सरळ माहेरच्या मराठीवर यायची. भांडायला मराठीच बरी पडते असं तिचं ठाम मत होतं.

"तुम्हाला धडधाकट वस्तू बघवत नाय का हो?" ती विचारायची.

"अगं, पण चालतंय ना?"

"चालतंय म्हनं! डोक्यावर पडंल तव्हा कळंल."

ही खोड लहानपणापासूनची. त्याचे वडील फारूखमियाँ गंगापूरच्या बाजारपेठेत कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. घरात पाहुण्यांसाठी म्हणून नवारीची एक खाट होती. इलियासच्या डोक्यात आलं की एवढ्या पट्ट्या कशाला? त्याने एक पट्टी सोडवली. काही झालं नाही. चार दिवसांनी आणखी एक सोडवली. तरी खाट तशीच ताठ. मग त्याला नादच लागला. कडेची काढली तर काय, मधली काढली तर काय, एक सोडून एक काढली तर काय, असं त्याचं गुपचूप चाललं होतं. ईदच्या दिवशी त्याचे मामू शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन त्या खाटेवर टेकले आणि वाडग्यासकट खाली गेले. फारूखमियाँनी पोराला चांगला बदडला. पण मार खाताना इलियासच्या मनात पश्चात्ताप वगैरे नव्हता. आपण काढलेल्या पट्ट्यांपैकी नेमकी कुठली काढायला नको होती, ह्याचाच तो विचार करत होता.

अशा माणसाने पुढे मोटारगाड्यांच्या भागांचं वजन कमी करायची नोकरी धरावी, ह्यात नवल ते काय! पण ते एका उडीत झालं नाही. त्याने पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, आणि वाळूज एमआयडीसीत बद्रीनाथ ठोंबरे यांच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन म्हणून लागला. ठोंबरे साहेब गंगापूर तालुक्यातलेच, उसाच्या घरातले. भाऊ शेती बघायचे आणि हे पत्रा वाकवून, पाइप जोडून मोठ्या कंपन्यांना गाड्यांचे सांगाडे आणि पट्ट्या पुरवायचे. डिझाइन यायचं कंपन्यांकडून. इलियासचं काम ते नीट उतरवून घ्यायचं. वीसेक वर्षं तो दुसऱ्याच्या डोक्यातलं आपल्या कागदावर काढत राहिला. एखाद्या चित्रात नको तेवढं लोखंड दिसलं की त्याचा जीव तुटायचा, पण विचारतो कोण? डिप्लोमावाल्याने रेघ सरळ मारावी, एवढीच अपेक्षा.

शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबादच होतं. त्या सुमारास ठोंबरे साहेबांनी एक नवं सॉफ्टवेअर घेतलं, आणि ते शिकायला इलियासला पुण्याला पाठवलं. तिथून तो परत आला तो वेगळाच माणूस होऊन. जेवताना सगीराला समजावू लागला.

"हे बघ. समज, लोखंडाचा एक मोठा ठोकळा आहे. कॉम्प्युटरला फक्त तीन गोष्टी सांगायच्या. हा ठोकळा गाडीला कुठं बांधलाय, त्याच्यावर ओझं कुठं येतंय, आणि किती वाकलं तर चालंल. बास. मग तो ठोकळ्याचे बारीक बारीक कण करतो आणि एकेका कणाला विचारतो, तुझ्यावाचून अडतंय का? नाय अडत? मग नीघ."

"म्हंजे तुमच्यासारखाच हाय की," सगीरा म्हणाली. "आता दोघं मिळून उच्छाद मांडा."

उच्छादच तो. पण काय सुंदर उच्छाद! पडद्यावर ठोकळा हळूहळू झिजत जायचा, पोखरला जायचा, आणि शेवटी जे उरायचं ते कुठल्याच इंजिनिअरने काढलं नसतं असं काहीतरी असायचं. कुठे वडाच्या मुळ्यांसारखे फाटे, कुठे मधेच भोक, कुठे करंगळीएवढा दांडा. इलियास त्या आकारासमोर खुळ्यासारखा बसून राहायचा. इथलं का काढलं? इथलं का ठेवलं? कॉम्प्युटर कारण सांगत नाही, नुसतं उत्तर देतो. कारण इलियासला शोधायचं असायचं. मशीन चालू असताना तो आपला अंदाज ठोंबरे साहेबांना सांगायचा, आणि अंदाज चुकला की त्याला जास्त आनंद व्हायचा. बरोबर आलेल्या उत्तरात शिकण्यासारखं काय असतं, असं तो म्हणायचा.

मग ते सीटचं काम आलं.

परराज्यातली एक कंपनी नवी तीनचाकी रिक्षा काढणार होती. ड्रायव्हरच्या सीटखालचा सांगाडा त्यांना हलका करून हवा होता, निदान एक तृतीयांश वजन गेलंच पाहिजे अशी अट होती. डिझाइन करायचं ठोंबऱ्यांनी, बनवायचंही ठोंबऱ्यांनी. अशी संधी ह्या कारखान्याला पूर्वी कधी आली नव्हती.

"इलियासभाई," ठोंबरे साहेब म्हणाले, "हे पास झालं ना, तर आपण डिझाइनचं येगळं खातं काढू. तुम्ही त्याचे मुख्य. मग तुम्हाला कुणी ड्राफ्ट्समन म्हनणार नाय."

इलियासला हे हवं होतं. फार हवं होतं. बाहेर तो तसं दाखवायचा नाही, पण घरी त्याने सगीराला हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा असं, की जणू आत्ताच आठवलं.

त्याने काम मनापासून केलं. सांगाडा गाडीच्या तळाला कुठे बांधलाय ते कॉम्प्युटरला सांगितलं. ओझं कुठे येतं तेही सांगितलं. नियमाप्रमाणे ड्रायव्हरच्या सीटवर माणूस एक, सीटच्या बरोबर मधोमध बसलेला. खड्ड्यांचे हादरे सांगितले, ब्रेकचा झटका सांगितला, आणि मशीन चालू केलं. कॉम्प्युटरने दोन्ही कडांचं लोखंड जवळजवळ सगळं सोलून काढलं. मधे एक मजबूत खोड उरलं आणि त्यावर छत्रीसारखी पसरलेली बारीक काडी-काडी. वजन एक तृतीयांशाहूनही जास्त उतरलं. नमुना बनवून हादरे देणाऱ्या यंत्रावर चढवला, सीटच्या मधोमध वाळूची पोती बांधली, आणि यंत्र दिवसेंदिवस धडधडत ठेवलं. सांगाड्याला काही म्हणजे काही झालं नाही. ठोंबरे साहेबांनी अख्ख्या कारखान्याला जिलेबी वाटली.

जिलेबीच्याच दिवशी संध्याकाळी इलियास नेहमीसारखा शेअर रिक्षाने घरी निघाला. मागच्या सीटवर तिघं होते, त्यात हा एक. पुढच्या चौकात रिक्षा थांबली आणि पिशवी घेतलेली एक बाई आत डोकावली. इलियास काही न बोलता उठला, खाली उतरला, आणि पुढे ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला जाऊन टेकला. ड्रायव्हर काही न बोलता उजवीकडे सरकला. बाई मागे बसली. रिक्षा निघाली.

ह्यात कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं काही नसतंच. बाई आली की पुरुषाने पुढे जायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. कुठल्या फलकावर ती लिहिलेली नाही, आणि कुणी मोडतही नाही. इलियासने गेल्या वीस वर्षांत किती वेळा असं केलं असेल, ह्याचा हिशेब देवाघरी.

खड्डा आला. इलियासचं सगळं अंग सीटच्या त्या कडेवर आदळलं. एक मांडी सीटवर, एक हवेत, पाय बाहेर, आणि खाली रस्ता पळतोय. आणि त्या आदळण्याबरोबर त्याच्या डोक्यात लख्ख पडलं. आपण बसलोय ती ही कड कॉम्प्युटरने कापून टाकली आहे. तिथे कुणी बसतच नाही, असं आपणच त्याला सांगितलं होतं. इतकी वर्षं रोज ह्याच जागेवर बसून घरी जाणाऱ्या माणसाने ओझी मोजताना सगळं मोजलं, आणि स्वतःलाच मोजायला विसरला!

त्याला घाम फुटला. मग, खोटं कशाला सांगायचं, थोडं हसूही आलं. आणि लगेच प्रश्न आला, तो नेहमीचाच: ही कड नसती तर आत्ता काय झालं असतं? ह्या वेळी मात्र उत्तर बघायची त्याला मुळीच इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आधी नमुन्याकडे गेला. यंत्रावरची पोती उतरवली, सांगाड्यावर फळी ठेवली आणि स्वतः डाव्या कडेला टेकून दोन-चार वेळा उसळला. बारीक काड्यांपैकी एक करकरली आणि वाकली. ठोंबरे साहेब दारातून हे बघत होते.

"काय चाललंय हे?"

इलियासने सांगितलं. ठोंबरे साहेब ऐकून घेत राहिले, आणि मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"इलियासभाई, पुढं माणूस बसवणं कायद्यात बसतं का?"

"नाय."

"मग आपण कागदावर लिहायचं कसं? त्या कंपनीला सांगायचं, की तुमच्या गाडीत लोक बेकायदा बसतील म्हणून आम्ही लोखंड वाढवलं? ते काम उचलून दुसऱ्याला देतील. वजन वाढलं तरी देतील. आन् कड मजबूत करणं म्हंजे माणसाला या बसा म्हननंच झालं की."

"साहेब, कड कच्ची केली म्हणून लोक बसायचे थांबत नाय. आपण काय त्यांना सांगायला जाणार हाय, की इथं लोखंड नाय म्हणून? तुम्ही स्वतः बसला नाय का कधी? गंगापूरवरून कॉलेजला यायचे तव्हा?"

ठोंबरे साहेब लई वेळा बसले होते. पण कारखाना चालवायचा म्हटलं की माणसाला आपण कुठे कुठे बसलो होतो ते विसरावं लागतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की पुढच्या आठवड्यात कंपनीचे साहेब नमुना बघायला येतायत, तोवर काय ते बघा, पण दोन माणसं कागदावर येता कामा नयेत.

इलियास अडकला. पास झालेला नमुना तसाच दाखवला तर खातं हातात होतं. आणि मग असले सांगाडे हजारोंनी गावोगाव जाणार होते, आणि प्रत्येकाच्या डाव्या कडेला कुणीतरी घरी निघालेला माणूस टेकणार होता.

रविवारी सगीराला घेऊन तो वाळूजला तिच्या बहिणीकडे निघाला. नगर नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या, पण हा बसेचना. एकेका रिक्षात वाकून बघत राहिला, कोण कुठे बसतंय, कोण कसं सरकतंय. सगीरा उन्हात ताटकळत उभी. बघता बघता त्याला एक गंमत दिसली. गाडी रिकामी असली, शेजारी कुणी नसलं, तरी ड्रायव्हर सीटच्या मधे बसतच नव्हता. उजव्या कडेला सरकून, अर्धा बाहेर, असाच बसायचा. एक नाही, सगळेच. वर्षानुवर्षं दुसऱ्याला जागा करून देता देता त्यांचं अंगच तिकडं वळलं होतं. सीटच्या मधोमध बसणारा ड्रायव्हर फक्त कागदावर होता! इलियासला इतकं नवल वाटलं की तो भर रस्त्यात सगीराला हाताने ओढून दाखवू लागला.

"बघ, बघ, तो बघ. एकटाच हाय, तरी कडंला बसलाय!"

"त्यात काय बघायचं?" सगीरा वैतागली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "आन् तुम्ही पुढं जाऊन बसता तव्हा मी मागून तुमच्या शर्टाला धरून ठेवते. ते नाय दिसलं कधी?"

इलियासचा हात आपोआप पाठीमागे शर्टाकडे गेला.

"रोज?"

"आपण दोघं संगं असलो की. मधल्या गजातून हात जातो ना. खड्डा आला की मुठीत घट्ट धरते. तुम्हाला कळत बी नाय." आणि मग, भांडणाच्याच आवाजात, "भ्या वाटतं मला. अर्धा मानूस बाहेर लटकतोय आन् मी मागं आरामात बसू व्हय?"

लोखंडाचा कुठला कण कशाला धरून असतो हे शोधण्यात ज्याची सगळी हयात गेली, त्याला आपल्याला कुणी धरून ठेवलंय ह्याचा पत्ता नव्हता.

सोमवारी तो कामाला लागला. जन्मभर 'काढ' म्हणणारा हा माणूस पहिल्यांदाच कॉम्प्युटरला 'घाल' म्हणाला. डाव्या कडेला एक माणूस सांगितला, उजव्या कडेला ड्रायव्हर सांगितला, आणि मशीन चालू केलं. ह्या वेळी अंदाजबिंदाज काही केला नाही, नुसता बसून राहिला. जे आलं ते भलतंच वाकडं होतं. मधलं खोड गेलं होतं. उजवीकडे एक बाक, डावीकडे गाडीच्या तळापर्यंत गेलेला एक जाड फाटा, आणि दोघांना जोडणारी तिरपी दांडी. दोन्ही बाजू एकमेकींसारख्या मुळीच नव्हत्या. कंपनीच्या मूळ सांगाड्याहून ते हलकंच होतं, पण कंपनीने मागितलं तेवढं हलकं नव्हतं. थोडं वजन उरत होतं. इलियासने त्याचाही नमुना बनवून घेतला आणि दोन्ही नमुने, पास झालेला आणि वाकडा, शेजारी शेजारी टेबलावर मांडले.

कंपनीचे साहेब आले. चष्मा, खिशाला दोन पेन, बोलणं हिंदीत आणि मोजकं. त्यांनी पहिला नमुना हातात घेऊन मान डोलवली. मग वाकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ये टेढ़ा क्यों है? इधर इतना मटेरियल किसके लिए?"

ठोंबरे साहेब घाईने पुढे झाले आणि ड्रायव्हर डावीकडून चढतो वगैरे काहीतरी सांगू लागले. पाहुण्यांनी ते ऐकून घेतलं, पण बोट फाट्यावरून काढलं नाही. आकारच असा होता की त्याला खोटं बोलता येत नव्हतं. तिथे कुणीतरी बसलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"उधर मैं बैठता हूँ, साहब," इलियास म्हणाला.

ठोंबरे साहेब खिडकीबाहेर बघू लागले. इलियासने मग सगळं सांगितलं, बाई आली की काय होतं, ड्रायव्हर कुठे सरकतो, पहिल्या नमुन्याची काडी कशी वाकली. सगीराच्या मुठीचं तेवढं सांगितलं नाही, ते घरातलं होतं. पाहुण्यांनी ऐकलं आणि थंडपणे म्हणाले की आमच्या कागदावर तिथे कोणी बसत नाही.

"तो फिर चलिए, एक बार रिक्षा में बैठते हैं," इलियास म्हणाला. हे धाडस त्याच्या अंगात कुठून आलं कोण जाणे.

पाहुण्यांची परतीची गाडी संध्याकाळी होती, वेळ होता. किंवा त्यांनाही आतून बघावंसं वाटलं असेल. दोघं कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन शेअर रिक्षात बसले. आत एक म्हातारबाबा, मधे इलियास, आणि डाव्या टोकाला पाहुणे. गोलवाडीच्या अलीकडे एक बाई हात करून उभी होती, काखेत लेकरू, हातात डबा. रिक्षा थांबली. इलियास उठायला लागला, पण तो मधे होता आणि वाट अडलेली होती. बाई वाट बघत उभी. क्षणभर कुणी हललं नाही. आणि मग चष्मेवाले साहेब, कुणी काही न सांगता, खाली उतरले आणि पुढे जाऊन टेकले. ड्रायव्हर उजवीकडे सरकला. रिक्षा निघाली.

मागून इलियासला साहेबांची पाठ दिसत होती. अर्धी सीटवर, अर्धी बाहेर. पहिल्या खड्ड्याला साहेब उसळले आणि त्यांचा हात धरायला काहीतरी शोधू लागला. इलियासने गजातून हात घातला आणि त्यांचा सदरा पाठीमागून मुठीत धरला. साहेबांना ते कळलं की नाही, कोण जाणे.

नगर नाक्याला उतरल्यावर साहेबांनी आधी चष्मा पुसला. मग कपाळावर आठ्या घालून त्यांनी एकदम खूप प्रश्न विचारले. हात कुठे धरता? पाय कुठे टेकता? पावसात काय करता? दोन बायका आल्या तर? इलियास उत्तरं देत गेला, आणि त्याला मनातून फार बरं वाटलं, कारण असे प्रश्न विचारणारा माणूस त्याला आयुष्यात फार थोड्या वेळा भेटला होता.

"दो आदमी तो मैं नहीं लिख सकता," शेवटी साहेब म्हणाले. "लेकिन एक आदमी सीट पे कहीं भी बैठ सकता है, ये लिख सकता हूँ."

आणि त्यांनी तसं लिहिलं. वजनाची अट थोडी सैल केली. ड्रायव्हरच्या सीटवर माणूस एकच, पण तो डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत कुठेही बसलेला धरावा. रस्ते खराब असतात म्हणून त्याचं वजन दुप्पट धरावं. ह्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. काम ठोंबऱ्यांनाच मिळालं, आणि इलियासला त्याचं खातं.

ते कलम कारखान्यात आलं त्या दिवशी ठोंबरे साहेब कॉम्प्युटरपाशी उभं राहून वाचत होते. वाचता वाचता थांबले.

"डाव्या कडंला बसलेला ड्रायव्हर? इलियासभाई, तिथून त्याचा हात हँडलला पोचंल का?"

"नाय पोचणार, साहेब."

"मग गाडी कोण चालवतंय?"

"त्याच्या शेजारी बसलाय तो," इलियास म्हणाला, आणि त्याने मशीन चालू केलं.